तुझ्या हातासमोरची रांग

नसरीन,

परवा तुझ्या हाताला हात लावायला रांग लागली होती.

तू असतीस तर पहिलं विचारलं असतंस, "चहा होता का?" होता. बिस्किटंही होती. सेमिनार हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता, ओळखपत्रावरचाच, मोठा करून; त्यामुळे तुझा चेहरा पसरट दिसत होता. फोटोला झेंडूचा हार, पुढं समई. तुझ्या घरी यातलं काय चालतं, काय नाही, हे कुणी विचारलं नाही. आणि समईच्या शेजारी निळ्या मखमलीवर आपण केलेला रबराचा हात.

ज्यांना माहीत नव्हतं त्यांना विभागप्रमुख सरांनी माइकवर सांगितलं. "हा नसरीनचाच हात आहे. तिच्या तळव्याचा साचा घेऊन ही त्वचा ओतलेली आहे. तळव्यावर दाबलं की बोटं मिटतात. या, आपल्या लाडक्या विद्यार्थिनीशी शेवटचं हस्तांदोलन करा."

लाडकी! मी टेबलाखाली बसले होते. हवेचा पंप सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. तिथून मला फक्त पाय दिसत होते. पुढं सरकणारे बूट, चपला, सँडल. पाय थांबले की माझ्या हातातला पंप घुरघुरायचा, म्हणजे वर बोटं मिटली. मग हसण्याचा आवाज, "अरे, खरंच पकडते!", मोबाइलची खटखट, आणि पुढचे पाय.

मला राग आला असता तर बरं झालं असतं. राग येतो आणि जातो. मला किळस आली. ती अजून गेलेली नाही. रबर नीट जमलं नाही की बोटांना चिकटतं, कितीही धुतलं तरी निघत नाही, तुला माहीत आहे. तशी आहे ती. हे लिहितानाही बोटांना आहे.

मला नीट लिहिता येत नाही. आमच्या घरात कॉलेजला आलेली मी पहिली, आणि गेलेल्या माणसाला उद्देशून कसं लिहितात हेही मी कुणाला विचारलेलं नाही. पण त्या दिवशी माइकवर जे जे बोलले त्यांना बोलता येत होतं, आणि त्यांच्या बोलण्यात तू कुठंच नव्हतीस. म्हणून माझं अडखळतं तरी असू दे.

तुझी आठवण काढायची तर मला पहिल्या वर्षाचा वर्ग आठवतो. मी किन्हीराजासारख्या खेड्यातून आलेली. उत्तर यायचं पण तोंडातून निघायचं नाही. तू शेजारी बसायचीस. मी पुटपुटले की तू माझ्या कोपराखाली हात घालून माझा हात वर उचलायचीस आणि स्वतः निरागस तोंड करून फळ्याकडं बघायचीस. सर म्हणायचे, "हां, सुजाता?" मग बोलण्यावाचून सुटका नसायची. एकदा मी तुला म्हटलं, "मले भेव वाटते ना वं." तू म्हणालीस, "भेव तुह्या तोंडात हाय. हात तर बिनधास्त वर जाते."

प्रोजेक्टचा विषय तूच काढलास. मऊ यंत्रांची आणि त्यांच्या कातडीची माहिती तू मोबाइलवर वाचून दाखवत होतीस आणि मला ते फार आवडलं, कारण ते मला समजलं. रबरात चुंबकाची पूड मिसळायची आणि पातळ थर ओतायचा. खाली चुंबकत्व मोजणारे बारीक सेन्सर बसवायचे. कातडी दाबली की आतली पूड सरकते आणि सेन्सरला कळतं, कुठं दाबलं, किती दाबलं. कातडीत वायर एकही नाही. फाटली तर सोलायची आणि दुसरी चढवायची. तू म्हणालीस, "सुजे, हे आपल्याले जमते. पंपाले कोणाची मदत लागली तर लागली, पण हे जमते."

विषय मांडायच्या दिवशी आपण पडद्यावर 'कातडी' असंच लिहिलं होतं. सरांनी आधी तो शब्द वाचला, मग खालची आपली दोघींची नावं आणि आडनावं वाचली. मग म्हणाले, "वा. दोघींना विषय बरोबर सापडला." वर्ग हसला. आमच्या घरात मेलेली ढोरं ओढायचं बंद झालं त्याला दोन पिढ्या झाल्या. माझ्या आजोबांनी तरुणपणीच ते टाकून धम्म घेतला. मी विसरले होते. वर्गाला पाठ होतं. माझी मान खाली गेली आणि तेवढ्यात तू मागच्या दोन बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "सरच्या अंगावर काय रेक्झिन हाय का?"

मागचे दोन बाक फुटले. सरांना कळलं नाही कशाला हसतात ते. त्यांनी फक्त 'कातडी' खोडून 'त्वचा' करायला लावलं. परवा माइकवर ते म्हणाले, हा विषय मुलींना मीच सुचवला होता.

आपले चांगले दिवस प्रोजेक्टच्या खोलीतच गेले, नाही का? भंगारातून आणलेलं फुटक्या स्पीकरचं चुंबक खाली ठेवून त्यावर रबर जमत ठेवायचं, म्हणजे पुडीचे कण एका दिशेनं बसतात. मग वाट बघायची. वाट बघताना तू तुझ्या गावच्या, रिसोडच्या गोष्टी सांगायचीस. अम्मींच्या बांगड्यांच्या दुकानात कोण बाई कोणत्या रंगावरून कोणाशी भांडली. पकड तपासायला आपण पिकलेली सीताफळं आणायचो. जास्त दाबलं तर फुटतं, कमी दाबलं तर सुटतं, यापेक्षा चांगली परीक्षा नाही. फुटलेलं प्रत्येक सीताफळ तू खायचीस आणि बिया कागदावर मांडत म्हणायचीस, "टेस्ट फेल, पण लय गोड फेल." शेवटी शेवटी मला शंका यायची की तू मुद्दाम हवा जास्त सोडतेस.

भांडलो ते एकाच गोष्टीवरून. मला वाटायचं, कातडी हाताच्या आकाराची करावी. तुझं म्हणणं, सपाट करावी.

"हात असला की लोक थांबतीन, पाहतीन," मी म्हणायचे.

"हात पाह्यला की लोक हातच पाहतात. कातडी कोण पाहीन? पापडासारखा सपाट तुकडा कर. मंग कशालेही गुंडाळ. यंत्राच्या चिमट्याले गुंडाळ, नाई तर ज्याचा हात थ्रेशरमंधी गेला त्याच्या नकली हाताले गुंडाळ. त्याचा त्याले हात असू दे. माह्या हाताचं त्याले काय काम?"

"प्रदर्शनापुरता करू. मंग सपाट."

"प्रदर्शनापुरता" म्हणून तू हात दिलास. तळव्याला खोबरेल चोपडून तू तो ओल्या प्लास्टरमध्ये दाबलास आणि लगेच तुझ्या नाकाला खाज सुटली. मी नाक खाजवून दिलं तर म्हणालीस, डावीकडं, नाही, थोडं वर, अगं नाक माझं आहे की तुझं. प्लास्टर जमताना गरम होतं. तू ओरडलीस, "सुजे, शिजून राह्यला हात! भाजी करशीन काय?"

साचा सुरेख निघाला. प्रत्येक रेष आली. पण रबरातली हवा ओढून काढायला आपल्याकडं यंत्र नव्हतं. आपण आइस्क्रीमच्या काडीनं घोटायचो आणि ट्रे टेबलावर आपटायचो. अंगठ्याखालून मनगटाकडं जाणाऱ्या रेषेवर एक बुडबुडा राहिला आणि रेषेच्या मधोमध खड्डा पडला. मी हळहळले. तू त्यात नख घालून पाहिलंस आणि म्हणालीस, "राहू दे. पुढच्या खेपी बिगर बुडबुड्याची करू."

मग ते जिल्ह्याचं प्रदर्शन. एका पाहुण्यांनी आपला हात पाहिला, खूश झाले आणि तुझ्यापुढं स्वतःचा हात केला. तू नेहमीसारखा उजवा तळवा छातीवर ठेवलास, मान किंचित लववलीस आणि हसलीस. मला तुझं ते करणं फार आवडायचं. त्यात नकार असायचा आणि अपमान नसायचा. पाहुणेही हसले आणि पुढं गेले. पण सरांनी तुला बाजूला घेतलं.

"एवढा तुसडेपणा? मॅनर्स नावाची गोष्ट असते. तुमच्या घरी नसेल, इथं असते."

"सर, सलाम केला ना मी."

"हात पुढं केला की हात मिळवायचा."

नंतर आठवडाभर तू रबराचा हात उचलून त्याला सांगायचीस, "ए, मॅनर्स! हात मिळव!" आपण पोट धरून हसायचो. मला तेव्हा वाटलं, तुला काही लागलंच नाही. आता तसं वाटत नाही.

परवा रांगेत पहिले सरच होते. काळे, चकचकीत बूट. बराच वेळ हलले नाहीत, कारण फोटो नीट येत नव्हता. तू जिवंतपणी जो हात कुठल्याच पुरुषाला दिला नाहीस तो त्यांनी तू गेल्यावर घेतला, आणि मी खाली बसून पंपानं तुझी बोटं त्यांच्या बोटांवर मिटवत होते.

मग संस्थेचे पाहुणे आले. त्यांच्या बुटांवर बिस्किटांचा चुरा पडला. पंप बराच वेळ चालू राहिला म्हणून मी टेबलाखालून बाहेर आले. त्यांनी हात मखमलीवरून उचलला होता, उताणा करून दिव्याकडं धरला होता, आणि अंगठ्याच्या नखानं ते रेष दाखवत होते.

"ही पाहा आयुष्यरेषा. इथं तुटली. लिहिलेलंच होतं बिचारीचं."

माना वाकल्या. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. कुणीतरी मोबाइल जवळ नेऊन त्या खड्ड्याचा फोटो काढला. सरांनी डोळे मिटून मान हलवली. "आपण विज्ञानाची माणसं. पण शेवटी काही गोष्टी..."

मी म्हटलं, "बुडबुडा आहे तो." माझं मलाच ऐकू आलं नाही.

नसरीन, माझ्या कोपराखाली कुणाचा हात नव्हता. मी वाट पाहिली, खोटं कशाला सांगू. मग माझा हात वर गेला, वर्गात जातो तसा, आणि सगळे गप्प झाले, कारण शोकसभेत असा हात कुणी वर करत नाही.

"सर, तो बुडबुडा आहे. तिची रेष पूर्ण होती. आमच्याकडं हवा काढायचं यंत्र नव्हतं. ती तापानं गेली. हे रबर आहे."

"सुजाता, आपण सगळेच भावनेच्या भरात आहोत," सर म्हणाले.

मी वाकून पंपाची नळी उपसली. फुस्स झालं आणि पाहुण्यांच्या हातातली बोटं लोंबली. त्यांनी हात एकदम टाकला, झुरळ झटकावं तसा. क्षणापूर्वी ती बिचारी होती. मागून कुणीतरी विचारलं, "लाइट गेली काय?"

नंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, रागावतील. ते समजुतीनंच बोलले, आणि ते जास्त वाईट होतं. हा हात राज्याच्या प्रदर्शनात न्यायचा ठरला होता. शेजारी तुझा फोटो. नाव 'नसरीनचा हात'. "लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल. तुझंही नाव होईल. तुझ्यासारख्या मुलींना असे चान्स रोज येत नाहीत."

"सर, मी दुसरी कातडी ओतते. सपाट. सेन्सर, बोर्ड सगळं तेच राहील. उलट त्याचा वापर जास्त..."

"सपाट तुकड्यापाशी कोण थांबतं?"

ते माझंच वाक्य होतं. मी तुझ्याशी भांडताना हेच म्हणायचे.

रात्री मायचा फोन आला. तिला प्रदर्शन, सेन्सर काही कळत नाही. तिनं एवढंच विचारलं, "त्या पोरीच्या मायले भेटली काय तू?" मी म्हटलं, नाही अजून. "मंग कायले त्या सरासंगं बोलून राह्यली? जाय आधी रिसोडले."

सकाळी मी सेन्सरच्या बोर्डवरून तुझ्या तळव्याची कातडी सोलली. सहज निघाली. पातळ भाकरीएवढी. कागदात ठेवून डब्यात घातली आणि एसटीनं रिसोडला गेले.

अम्मी दुकानात होत्या. घरी बसवत नाही म्हणाल्या. मला पाणी दिलं, स्टुलावर बसवलं, एका गिऱ्हाइकाला "बाद में आना बाई" म्हणून परत लावलं. मी डबा उघडला. मला बोलता येईना, म्हणून मी यंत्राचीच माहिती देत सुटले. चुंबक, पूड, दाबलं की काय होतं. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी अंगठ्याखालचा फुगवटा एकदाच दाबून पाहिला. रोज कितीतरी हात दाबून पाहतात तसाच.

"उसका हाथ नरम था," म्हणाल्या. "ये सख्त है."

मग विचारलं, "कितने लोग थे वहाँ?"

"बहुत थे, अम्मी."

"सबने पकड़ा?"

मी डब्याच्या झाकणाकडं बघत राहिले.

"मर्दों ने भी?"

त्यांना कळलं. त्यांनी डब्याचं झाकण स्वतः लावलं आणि त्यावर हात ठेवून बसल्या. बाहेर कुणीतरी बांगड्यांचा भाव विचारून गेलं.

"उसके नाखून भी हमने कभी रास्ते पे नहीं छोड़े," त्या म्हणाल्या.

आणि मला होस्टेलमागचं कडुलिंबाचं झाड आठवलं. तू दर शुक्रवारी नखं कापायचीस, कागदाची पुडी करायचीस आणि झाडाखाली माती उकरून ठेवायचीस. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चिडवलं होतं, "काहून गं, खत टाकून राह्यली काय झाडाले?" तू शांतपणे माती सारखी करत म्हणालीस, "अंगाचं जे निघालं ते मातीचं. लोकांच्या पायाखाली नाई येऊ द्या लागत."

मी अम्मींना त्या झाडाचं सांगितलं. त्या पहिल्यांदा थोडं हसल्या. "वहाँ भी करती थी? मैं सोची, होस्टल में जाके भूल गई होगी." मग डबा माझ्याकडं सरकवला. "वहीं रख दे बेटा. तुझे जगह मालूम है."

परत येऊन मी ती त्याच झाडाखाली पुरली. रबर मातीत कुजणार नाही, हे मला माहीत आहे. चुंबकाची पूडही तिथंच राहील. तू असतीस तर यावरूनही भांडली असतीस. पण ते लोकांच्या हातात नाही, एवढं मला पुरे आहे. मी प्लास्टरचा साचाही दगडानं फोडला. फोडताना रडले. आत तुझा तळवा उलटा होता आणि त्यातली रेष अखंड होती, बुडबुडा नसलेली. मी ती शेवटची पाहिली.

सरांनी विचारलं, "हात कुठाय?"

"मातीत दिला, सर. तिच्या आईला विचारून."

"कळतंय का तू स्वतःचं काय केलंस ते? राज्याचं प्रदर्शन विसर."

"हो सर," मी म्हटलं. आवाज निघाला.

तुझे खूप उपकार आहेत, नसरीन. ते तुझ्यासमोर कधी बोलून दाखवले नाहीत. दवाखान्यात तू मला विचारलं होतंस, "त्या हाताचं काय ठरलं?" आणि मी म्हणाले होते, "तू बरी हो, मग भांडू." ते भांडण मी एकटीनं करून पाहिलं. दोन्ही बाजूंनी बोलले. हरले.

काल रात्री सपाट कातडी ओतली. काडीनं घोटली, ट्रे आपटला, खाली आपलं स्पीकरचं चुंबक ठेवलं. आज ती यंत्राच्या चिमट्याला गुंडाळली आणि सीताफळ धरायला लावलं. पहिलं फुटलं. ते मी खाल्लं. दुसरं अख्खं राहिलं.

कुणी बघायला थांबलं नाही. मी कातडी सोडवून दिव्याकडं धरून पाहिली. तिच्यावर एकही रेष नाही. बुडबुडे आहेत, दोन-चार. पण ते नुसते बुडबुडे आहेत.

सुजाता